पहिल्या नंबराचं करायचं काय?

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात अंबरनाथ पश्चिमेला गणिताची जी लाट येते, ती बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांतही येत नाही. स्टेशनबाहेरची चहाची टपरी असो, विम्को नाक्यावरची रिक्षाची रांग असो, नाहीतर ऑर्डनन्सच्या वसाहतीतला कट्टा असो. एरवी सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब तीनदा समजावूनही ज्यांच्या डोक्यात शिरत नाही, ती माणसं नेट रनरेट दशांश चिन्हापुढच्या तिसऱ्या आकड्यापर्यंत घडाघडा म्हणून दाखवतात. ‘आज आपण जिंकायचं. उद्या दिल्लीनं हरायचं, पण पार धुव्वा उडायला नको. परवा पंजाबनं बंगळुरूला हरवायचं, तेही अठराव्या ओव्हरच्या आत.’ तीन शहरांचं भवितव्य असं परस्पर ठरवून झालं की ऐकणारा विचारतो, मग काय होईल? उत्तर येतं, मग आपण चौथे येऊ. आयपीएलमधला सगळा जर-तर या चौथ्या जागेभोवती फिरतो. तिच्यासाठी उपास धरले जातात, एकाच जागी बसून सामना बघितला जातो, घरातल्या पनवती माणसाला स्वयंपाकघरात पाठवलं जातं. पहिला कोण, हे त्याच तक्त्यात सगळ्यात वर छापलेलं असतं आणि तिकडे ढुंकूनही कोणी बघत नाही. म्हणून या लेखाचं मागणं साधं आहे. प्लेऑफ खुशाल असावा. मात्र दोन महिने घाम गाळून ज्यानं पहिला नंबर काढला, त्याच्या पदरात दुसऱ्या नंबरापेक्षा चार दाणे तरी जास्त पडावेत. आज एकही पडत नाही, आणि हे हिशेबानं सिद्ध करता येतं.

आयपीएलमध्ये पहिले तीन हंगाम सरळ उपांत्य सामने होते. २०११ पासून आजची पद्धत आली: पहिला विरुद्ध दुसरा म्हणजे क्वालिफायर एक, तिसरा विरुद्ध चौथा म्हणजे एलिमिनेटर, मग पहिल्यातला हरलेला आणि दुसऱ्यातला जिंकलेला यांची क्वालिफायर दोन, आणि शेवटी फायनल. ही युक्ती आपली नाही. ती १९३१ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या फुटबॉल लीगमध्ये आली आणि पर्सी पेज व केन मॅकिन्टायर या दोघांच्या नावांनी ओळखली जाते. तिचं मर्म मध्य रेल्वेच्या प्रवाशाला एका वाक्यात कळेल. दादरला उभ्या असलेल्या अंबरनाथकराची बदलापूर लोकल चुकली, तरी मागची अंबरनाथ लोकल त्याला घरी पोचवते. बदलापूरकराला मात्र ती सोय नाही, त्याची चुकली म्हणजे चुकलीच. पहिले दोन संघ अंबरनाथचे, तिसरा आणि चौथा बदलापूरचे. आता चारही संघ तुल्यबळ धरा आणि प्रत्येक सामना नाणेफेकीइतका बेभरवशाचा माना. पहिल्या दोघांना करंडक मिळण्याची शक्यता प्रत्येकी साडेसदतीस टक्के निघते, उरलेल्या दोघांची प्रत्येकी साडेबारा. दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरात तिपटीचा फरक, हे ठीकच झालं. पण पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात फरक किती? शून्य. घरचं मैदान तरी मिळावं, तर प्लेऑफ कुठे होणार हे मंडळ ठरवतं. २०२४ मध्ये कोलकाता तक्त्यात पहिली आली आणि तिची क्वालिफायर झाली अहमदाबादला, फायनल चेन्नईला. चौदा सामने खेळून पहिला येणं ही एवढी महागडी हौस असेल, तर शहाण्या कप्तानानं दुसऱ्या नंबरावर हात टेकून बसावं आणि उरलेल्या शक्तीत गोलंदाजांचे खांदे वाचवावेत.

चौथ्या जागेचं माहात्म्य आणि पहिल्या जागेची अवहेलना एकाच वेळी बघायची असेल, तर २०१४ चा हंगाम काढावा. मुंबई इंडियन्सनं अमिरातीतले सुरुवातीचे पाचही सामने हरून दाखवले होते. तरीही २५ मे रोजी वानखेडेवर राजस्थानविरुद्धचा शेवटचा साखळी सामना असा आला की १९० धावा १४.३ षटकांत काढल्या तर चौथी जागा मिळणार होती. कोरी अँडरसननं ४४ चेंडूंत नाबाद ९५ धावा चोपल्या, आणि बरोबर १४.३ षटकं संपली तेव्हा धावसंख्या १८९ वर बरोबरीत अडकली. विजयी धाव घेताना रायुडू धावबाद झाला. राजस्थानवाल्यांना वाटलं, सुटलो. तेवढ्यात कोणीतरी आकडेमोड करून काढलं की पुढच्याच चेंडूवर चौकार-षटकार बसला, तर अजून जमतंय. फॉकनरनं पायाशी फुलटॉस दिला, आदित्य तरेनं तो स्क्वेअर लेगवरून प्रेक्षकांत भिरकावला, आणि एरवी संयमाचा आदर्श म्हणून मुलांना दाखवल्या जाणाऱ्या राहुल द्रविडनं टोपी काढून आपटली. तो षटकार आजही लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला माणूस हातवारे करून सांगतो. तीन दिवसांनी मुंबई एलिमिनेटरमध्ये चेन्नईकडून हरून बाहेर पडली, हे सांगायला तो विसरतो. आणि त्या वर्षी तक्त्यात पहिलं कोण होतं, हे विचाराल तर डबा सामसूम. पहिला पंजाब होता. चौदापैकी अकरा सामने जिंकून बावीस गुण, दुसऱ्या आलेल्या कोलकात्यापेक्षा चार जास्त. फायनलमध्ये त्यांच्या ऋद्धिमान साहानं नाबाद ११५ धावा केल्या, आयपीएलच्या फायनलमधलं ते पहिलं शतक, आणि तरीही करंडक कोलकात्यानं नेला. पहिल्या नंबराचं पंजाबनं केलं काय, तर काही नाही. तो तक्त्यात राहिला.

यावर मुंबई-पुण्याचा एक जुना खटलाही निकालात काढायला हवा, कारण त्यात प्लेऑफचे सगळे गुणदोष एकत्र नांदतात. २०१७ मध्ये पुण्याचा संघ रायझिंग पुणे सुपरजायंट या नावानं उतरला. आदल्या वर्षी ते सुपरजायंट्स होते आणि आठांत सातवे आले होते. अनेकवचनाचा लाभ झाला नाही म्हणून एकवचनी झाले असावेत. लाभ झाला. साखळीत त्यांनी मुंबईला पुण्यात हरवलं, मग वानखेडेवर तीन धावांनी हरवलं, मग १६ मेच्या क्वालिफायरमध्ये पुन्हा वानखेडेवर वीस धावांनी हरवलं. तीन सामने, तीन विजय. एरवी पुणेकर एवढ्या पुराव्यावर पाटी लिहून मोकळे होतात. पण मुंबई मागच्या गाडीनं फायनलला आली. २१ मे रोजी हैदराबादला मुंबईनं कशाबशा १२९ धावा केल्या आणि पुण्याला शेवटच्या षटकात अकरा हव्या होत्या. पहिल्या चेंडूवर तिवारीचा चौकार, दुसऱ्यावर तिवारी बाद, तिसऱ्यावर स्मिथ बाद, शेवटच्या चेंडूवर चार हव्या असताना दोन झाल्या आणि तिसरी घेताना गडी धावबाद. पुणे १२८. मुंबईशी चारदा गाठ, तीनदा सरशी, आणि करंडक एका धावेनं मुंबईच्या कपाटात. दोन वर्षांचा करार संपला म्हणून तो संघही नंतर उरला नाही, त्यामुळे परतफेडीची सोयही गेली. इथे कोणी म्हणेल, हा प्लेऑफचा अन्याय. पण तक्ता बघा: मुंबई वीस गुणांनी पहिली होती, पुणे अठरांनी दुसरं. म्हणजे तक्त्याच्या न्यायानंही करंडक मुंबईचाच. पुणेकरांना ना साखळीनं न्याय दिला, ना प्लेऑफनं. मुंबईला मात्र साखळीतली कमाई करंडकानं दुप्पट करून दिली, तीही घरच्या मैदानावर हरून झाल्यावर. तेव्हा प्लेऑफ नेहमी चुकीचाच निकाल देतो, असं मुळीच नाही. तो बरोबर निकालही देतो; फक्त बरोबर की चूक हे ठरवताना दोन महिन्यांचा अभ्यास तो बघत नाही.

पहिला आक्षेप इथेच उभा राहतो आणि तो दमदार आहे. साखळीत कमकुवत संघांना झोडून गुण कोणीही गोळा करतो. मोठ्या दिवशी, मोठ्या दडपणाखाली जो टिकतो तोच खरा, असं पोक्त माणसं सांगतात. हे म्हणणं तपासायला क्रिकेट अपुरं पडतं, कारण आपले बाद फेरीचे सामने एकेकच असतात. त्यासाठी अमेरिकेच्या बेसबॉलकडे जावं लागतं. बेसबॉलचं आपल्याकडे फारसं येणंजाणं नाही. दुबईत ‘मुंबई कोब्राज’ नावाचा एक संघ आहे, पण मुंबईला त्याची खबर असल्याचं दिसत नाही. अमेरिकेतल्या मुख्य लीगमध्ये मात्र तीस संघ आहेत आणि प्लेऑफच्या आधी प्रत्येक संघ साखळीचे १६२ सामने खेळतो. एवढ्या सामन्यांनंतर कोण भारी, याबद्दल शंका उरायला नको. शिवाय त्यांच्या प्लेऑफमध्ये एका संध्याकाळी कोणाचा गळा कापत नाहीत. पहिली फेरी तीन सामन्यांची, दुसरी पाचांची, पुढच्या दोन सात-सातांच्या. आता २०२३ बघा. त्या वर्षी तीन संघांनी शंभराहून कमी नाहीत इतके सामने जिंकले: अटलांटानं १०४, बाल्टिमोरनं १०१, लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनं १००. तिघांनाही पहिली फेरी माफ झाली आणि तिघंही दुसऱ्या फेरीत गारद झाले. तिघांनी मिळून त्या फेरीत एक सामना जिंकला. फायनलला पोचले ९० विजयांचं टेक्सस आणि ८४ विजयांचं ॲरिझोना. मोठ्या मनोबलाचे सगळे खेळाडू नेमके कमी गुणवाल्यांकडेच भरती झाले होते, असं मानायचं का? त्यापेक्षा सोपं उत्तर अंकगणितात आहे. एखादा संघ प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के असेल, तर तीन सामन्यांची मालिका तो जिंकण्याची शक्यता होते सुमारे ५७, पाचांची ५९, सातांची ६१. आणखी सहा सामने जास्त खेळवून गुणवान संघाच्या पदरात सहा टक्के पडतात. २००१ मध्ये सिॲटलनं १६२ पैकी ११६ सामने जिंकले; त्यांनाही फायनल बघायला मिळाली नाही. मनोबलाची थिअरी अशी आहे की जिंकला त्याच्याकडे ते होतं आणि हरला त्याच्याकडे नव्हतं, हे सामना संपल्यावर दहा मिनिटांत नक्की सांगता येतं, आधी कधीच सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि त्यापुढे मान तुकवावी लागते. प्लेऑफ नसता तर मेच्या दहा तारखेलाच निम्म्या गावांना कळलं असतं की आपलं संपलं, आणि उरलेले सामने फक्त गोलंदाजांच्या आईवडिलांनी पाहिले असते. बेसबॉलवाल्यांनाही हा साक्षात्कार हप्त्याहप्त्यानं झाला. १९०३ मध्ये वर्ल्ड सीरिज सुरू झाली, आणि १९६८ पर्यंत दोन लीगमधले पहिले दोघं थेट त्यात भिडत. मधली भानगड नव्हती. १९६९ मध्ये गट पाडून एक फेरी वाढवली, १९९५ मध्ये गटात पहिला न येताही आत घेणारं वाइल्ड कार्ड आलं, २०१२ मध्ये वाइल्ड कार्डं दुप्पट केली, २०२२ पासून तर तीसपैकी बारा संघ आत. आपल्या प्रो कबड्डीत बारापैकी सहा जण आत घेतले, तेव्हा तक्त्याच्या मधोमध लटकलेल्यालाही आशेला जागा मिळाली. आशा विकली जाते, आणि ती विकल्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. घेणारे आपणच असतो. शिवाय बाद फेरी ही काही पाप नाही. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या पट्ट्यात दिवाळीनंतर टेनिस बॉलचे जे चषक भरतात, आमदार चषक, नगरसेवक चषक आणि सगळ्यात सढळ हाताचा भावी नगरसेवक चषक, ते सगळे बाद पद्धतीचेच असतात. चिठ्ठ्या टाकून लॉट पडतात, एखाद्याला बाय मिळते, चार-पाच षटकांत खेळ खलास, हरला तो बॅट खांद्यावर टाकून घरी. तिथे अन्यायाची ओरड फक्त पंचांच्या नावानं होते, पद्धतीच्या नावानं होत नाही; कारण तिथे पहिला नंबर नावाची चीजच नसते. आधी कोणी दोन महिने राबून काही कमावलेलं नसतं, तेव्हा ते कोणी हिरावून घेण्याचा प्रश्न येत नाही. घोटाळा होतो तो दोन्ही गोष्टी एकत्र केल्यावर. दोन महिने तक्ता मांडायचा, त्याचे दशांश पाठ करून घ्यायचे, आणि शेवटच्या आठवड्यात म्हणायचं, तो विसरा.

तिसरा आक्षेप घेणारे उदाहरणं घेऊन येतात. २०२४ मध्ये पुणेरी पलटण प्रो कबड्डीच्या साखळीत पहिली आली आणि १ मार्चला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून विजेतीही झाली. त्याच वर्षी आयपीएलमध्ये तक्त्यात पहिली असलेल्या कोलकात्यानं करंडकही घेतला. मग पहिल्यावर अन्याय कुठे होतो? उदाहरणं खरी आहेत, पण ती काय सिद्ध करतात ते पाहावं. साडेसदतीस टक्के म्हणजे आठ वेळांत तीनदा. तेव्हा पहिला अधूनमधून जिंकणारच. २०१६ मध्ये हैदराबादनं तिसऱ्या नंबरावरून तिन्ही सामने जिंकून करंडक नेला, तेही साडेबारा टक्क्यांत बसतं. मुद्दा पहिला हरतो हा नाही. तो हरला की त्याच्या हातात काय उरतं, हा मुद्दा आहे. जिंकला तर करंडक मिळतो तो फायनलबद्दल, आणि हरला तर पहिल्या नंबराचा दाखलाही मिळत नाही. पुणेरी पलटणीनं फायनल तीन गुणांनी गमावली असती, तर सगळा हंगाम गाजवूनही त्यांची गणना उपविजेत्यांत झाली असती, आणि साखळीत त्यांच्या खाली असलेल्या हरियाणाच्या नावानं ढोल वाजले असते.

यावर तोडगे निघालेले आहेत, फक्त ते आपल्या टपरीपर्यंत पोचले नाहीत. जपानच्या बेसबॉलमध्ये साखळीत पहिला आलेला संघ लीगचा विजेता म्हणून तिथल्या तिथे जाहीर होतो. पुढच्या प्लेऑफच्या शेवटच्या टप्प्यात चार विजय मिळवायचे असतात. त्यातला एक पहिल्या आलेल्या संघाच्या खात्यावर आधीच जमा असतो आणि सगळे सामने त्याच्याच मैदानावर होतात. आपल्याकडे असा नियम काढला तर दोन दिवसांत कोर्टात जाईल, पण तिथे तो बिनतक्रार चालतो. एवढं करूनही २०२४ मध्ये तिसऱ्या आलेल्या योकोहामानं पहिल्या आलेल्या जायंट्सला हरवलं आणि पुढे जपान सीरिजही जिंकली. त्या संघानं साखळीत ७१ सामने जिंकले होते आणि ६९ गमावले होते. चमत्कार करणाऱ्याला चमत्काराची मुभा राहिली, आणि जायंट्सचं लीगचं विजेतेपद त्यांच्याकडेच राहिलं. एवढ्या लांब जायचं नसेल तर इंडियन सुपर लीगचा फुटबॉल बघा. २०१९-२० च्या हंगामापासून साखळीत पहिल्या येणाऱ्याला वेगळी ढाल दिली जाऊ लागली. पहिली ढाल एफसी गोव्यानं मिळवली. बाद फेरीत ते उपांत्य सामन्यात हरले, पण पणजीच्या माणसाला दाखवायला काहीतरी उरलं. २०२४ मध्ये एप्रिलात मोहन बागाननं शेवटच्या साखळी सामन्यात मुंबई सिटीला २-१ नं हरवून ढाल जिंकली, आणि ४ मे रोजी कोलकात्यातच मुंबई सिटीनं त्यांना ३-१ नं हरवून करंडक पळवला. दोन्ही शहरांत मिठाई वाटली गेली आणि दोन्ही ठिकाणी ती वाटण्याजोगं कारण होतं. अव्वल कोण आणि शेवटच्या आठवड्यात भारी कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन प्रश्नांना दोन उत्तरं मिळाली तर कोणाचं काही बिघडत नाही.

तेव्हा आयपीएलसाठी मागणी दोन कलमांची. एक, तक्त्यात पहिल्या आलेल्या संघाला प्लेऑफमध्ये नाणेफेक नको. आधी फलंदाजी की गोलंदाजी हे त्यानं सांगावं आणि समोरच्यानं ऐकावं. मेच्या रात्री पडणाऱ्या दवात चेंडू साबणवडीइतका निसटतो, तेव्हा ही सवलत साडेसदतीसचे किती टक्के करील ते सांगता येणार नाही, पण दुसऱ्या नंबरापेक्षा एक तरी दाणा जास्त पडेल, आणि एका सामन्यासाठी समालोचकांना पाच मिनिटं दुसरा विषय शोधावा लागेल. दोन, साखळी संपली त्या रात्री पहिल्याला वेगळी ढाल. खर्चाचं कारण कोणी सांगू नये. आपल्या भावी नगरसेवक चषकात बक्षीस समारंभाच्या टेबलावर पाय ठेवायला जागा नसते: उत्कृष्ट फलंदाज, उत्कृष्ट गोलंदाज, उत्कृष्ट क्षेत्ररक्षक, मालिकावीर, उगवता खेळाडू, आणि ज्या संघाला यांतलं काहीच देता येत नाही त्याच्यासाठी शिस्तबद्ध संघ. त्यांचं सगळं आर्थिक बळ एका फ्लेक्सपुरतं असतं. आयपीएलचे प्रसारणहक्क हजारो कोटींना जातात, आणि तिथेही सगळ्यांची सोय आहे: सर्वाधिक धावांना केशरी टोपी, सर्वाधिक बळींना जांभळी टोपी, सर्वाधिक षटकारांना बक्षीस. इतकंच काय, मैदानावर सभ्यपणे वागल्याबद्दल फेअर प्ले पुरस्कारसुद्धा आहे. म्हणजे चौदा सामने नीट वागून खेळलात तर तुमचा सत्कार होतो. चौदा सामने खेळून सगळ्यांत पहिले आलात, तर तुम्हाला दुसऱ्या आलेल्याशी खेळायला पाठवतात.